मिरच्या भाजायचे दिवस

एखादा देश समजून घ्यायचा असेल तर त्याच्या मातीला पाय लागावे लागतात. हे वाक्य मी निदान तीन प्रवासवर्णनांच्या प्रस्तावनेत वाचलं आहे आणि तिन्ही वेळा मान डोलावली आहे. बल्गेरियाच्या मातीला माझे पाय कधी लागले नाहीत. तो देश मला जेवढा कळला, तेवढा टेक्सासमधल्या प्लेनो गावी, शेजारच्या गॅरेजमध्ये कळला. तिथे खाली काँक्रीट आहे.

या आठवड्यात तो वास पुन्हा आला. सप्टेंबर अर्धा संपलाय. इथे शरद ऋतू आधी दुकानांत येतो, भोपळे आणि दालचिनीच्या मेणबत्त्या घेऊन. हवेला ती बातमी नोव्हेंबरपर्यंत कुणी कळवत नाही. पण आमच्या गल्लीत ऋतू बदलल्याची एक खूण आहे. दुपारी चारच्या सुमारास शेजारच्या गॅरेजचं दार अर्धं वर जातं आणि भाजलेल्या मिरचीचा वास कुंपणावरून आत येतो. साल करपल्याचा, गोडसर, ओलसर धुराचा वास. मी लॅपटॉपवर कुणाचं तरी म्हणणं ऐकत असतो. ते ऐकणं थांबतं.

माझं गाव जळगावजवळ. आमच्याकडे थंडीत शेतात वांग्याचं भरीत व्हायचं, कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्यांवर भाजलेल्या वांग्यांचं. आप्पा, म्हणजे माझे वडील, शाळामास्तर होते. पेपर तपासावा तसं वांगं तपासायचे. कुठे कच्चं राहिलं असेल तर न बोलता परत विस्तवात ढकलायचे. जळालेल्या सालीचा वास त्यांच्या सदऱ्याला दोन दिवस यायचा. पहिल्यांदा शेजारच्या गॅरेजमधून वास आला तेव्हा मी उठून मागच्या अंगणात गेलो होतो. तिथे अर्थातच कुणी नव्हतं.

त्या वासामागची माणसं आमच्या दारात आली ती ट्रान्सफॉर्मरसाठी. चार वर्षांपूर्वीची गोष्ट. शेजारच्या एलेनाने तिच्या आईवडिलांना बल्गेरियाहून कायमचं इकडे आणलं होतं. वडिलांनी सामानात एक चुश्कोपेक आणला होता. चुश्कोपेक म्हणजे मिरची भाजायचं यंत्र. पत्र्याचं उभं नळकांडं, आत तापणारी तार, वरून झाकण. त्यात एका वेळी एकच मिरची मावते. त्यांच्याकडे सप्टेंबरमध्ये घरोघरी शंभर-दीडशे किलो मिरची भाजतात, आणि यंत्र एका मिरचीचं. या देशाला घाई नाही, ही मला बल्गेरियाबद्दल मिळालेली पहिली माहिती.

एलेना दारात अवघडून उभी होती. "अविनाश, विचित्र वाटेल, पण ऑफिसमधली तेलुगू मैत्रीण म्हणाली की प्रत्येक इंडियन घरात एक जड लोखंडी पेटी असते. व्होल्टेज वाढवायची. ते यंत्र इथल्या प्लगवर नुसतं कोमट होतं. बाबांनी कालपासून जेवण सोडलंय."

अशी पेटी आमच्याकडे होतीच. माझी आई पुण्याहून, माझ्या भावाकडून, इकडे आली तेव्हा तिचा मिक्सर घेऊन आली होती, त्याच्यासाठी घेतलेली.

"देऊन टाक ना," बायको आतून म्हणाली. "आईंचा मिक्सर दोन वर्षं बंद आहे आणि ती पेटी रोज माझ्या पायाला लागते."

अशा रीतीने खानदेशी चटणीसाठी घेतलेल्या विजेवर बल्गेरियन मिरची भाजली जाऊ लागली. यंत्राची तार लाल झाली तेव्हा एलेनाच्या वडिलांनी, किरीलकाकांनी, माझा हात दोन्ही हातांत धरला आणि मान आडवी हलवली. त्यांच्याकडे होकाराला मान आडवी हलते. टेक्सासात याचा सगळ्यांना त्रास होई. आम्हाला झाला नाही, कारण आमच्या मानेचाही इथे कुणाला नीट अर्थ लागलेला नाही.

किरीलकाका आणि डोंकामावशी. नवरा-बायको असून एक काका आणि एक मावशी का, हे नीलिमाला, म्हणजे माझ्या बायकोला विचारावं. तिने नावं ठेवली आणि ती चिकटली. त्यांना इंग्रजी येत नव्हतं म्हटलं तरी चालेल. काका मला कोमशू म्हणत. कोमशू म्हणजे शेजारी. बाकी संभाषण एलेना घरी असली तर तिच्यामार्फत, नसली तर मिरच्यांमार्फत. त्या मिरच्या लांब, लाल आणि गोड होत्या. तिखट नसलेल्या वस्तूला आप्पांनी मिरची म्हटलं नसतं, पण मी ते बोललो नाही. काका भाजायचे, मावशी सालं काढायच्या. मग टोमॅटो, वांगी आणि मीठ घालून मोठ्या पातेल्यात तासन्‌तास ढवळायचं आणि घट्ट झालं की बरण्यांत भरायचं. हिवाळाभर पावाला लावून खायचं.

एका दुपारी मी विचारलं, तुमचं गाव कसं आहे? काकांनी उत्तर देण्याऐवजी गॅरेजची जमीन झाडून घेतली. मग झाडांना पाणी घालायची हिरवी नळी ओढून आणली आणि भिंतीलगत वळणं देत पसरली. ही डॅन्यूब नदी, देशाची उत्तर हद्द. मधोमध मिरच्यांची लांब रांग लावली. हा डोंगर. याला ते म्हातारा डोंगर म्हणतात, अगदी नकाशातसुद्धा. त्याच्या दक्षिणेला कांद्याची सालं पसरली. ती गुलाबांची दरी. तिथे पहाटे उठून पाकळ्या खुडतात, कारण ऊन चढलं की वास उडून जातो. उजवीकडे बर्फाची पेटी ठेवली, तिच्यावर हात आपटला. काळा समुद्र. आणि मग डोंगराच्या वरच्या अंगाला, दोन मिरच्यांच्या मध्ये, अगदी जपून लसणाची एक पाकळी ठेवली. बराच वेळ ते उकिडवे बसून तिच्याकडे बघत राहिले.

"तिथे शाळा होती," एलेना म्हणाली. "आता मुलं नाहीत म्हणून बंद आहे. बस आठवड्यातून दोनदा येते. बाबा तिथे ट्रॅक्टर दुरुस्त करायचे. आमच्या गल्लीत चौदा घरं होती, आता तीन घरांतून धूर निघतो."

काकांनी मान वर केली. "कोमशू, तुझं गाव?"

मी आधी नुसतंच पूर्वेकडे बोट दाखवणार होतो. पण मी इंजिनिअर आहे. समुद्र बारा फुटांवर असेल तर जळगाव कुठे येईल याचा मी मनात हिशोब केला आणि म्हणालो, रस्त्यापलीकडे. समोरच्यांच्या कचऱ्याच्या डब्यापाशी.

काकांनी एक मिरची उचलली, रस्ता ओलांडला, डब्याशेजारी ती ठेवली आणि परत येऊन खुर्चीत बसले. मावशी हसून हसून सालं काढायच्या थांबल्या. माझी मुलगी ईरा तेव्हा बारा वर्षांची होती. ती म्हणाली, "Dad, that's actually pretty accurate." दुसऱ्या दिवशी कचऱ्याच्या गाडीखाली जळगाव चिरडलं. तोवर बल्गेरियाही बरणीत गेला होता.

पुढच्या मंगळवारी काका गेले. दुपारची वेळ होती. मावशी आत बरण्या उकळत होत्या, काका गॅरेजमध्ये खुर्चीत. मला वास आला, आणि तो नेहमीचा नव्हता. मिरची करपण्याच्या पलीकडे गेली होती. मी गेलो तेव्हा झाकण वर काढलेलं होतं, चिमटा काकांच्या मांडीवर होता आणि ते झोपल्यासारखे बसले होते. मी आधी प्लग काढला. का ते माहीत नाही. माणूस अशा वेळी करता येण्यासारखं काहीतरी शोधतो.

त्यांना हायवेजवळच्या एका दफनभूमीत ठेवलं. तिथलं गवत गोल्फच्या मैदानासारखं कापलेलं असतं आणि सगळे दगड एका उंचीचे. मावशी तिथे रडल्या नाहीत. घरी आल्यावर त्यांनी एलेनाला कॉम्प्युटरपुढे बसवलं आणि कागद छापून घेतले.

हा कागद मी आधी कधी पाहिला नव्हता. साधा पांढरा कागद, काळी चौकट, वर फोटो, खाली नाव, वय आणि दोन ओळी. त्यांच्या देशात माणूस गेला की हा कागद घराच्या दारावर लावतात, फाटकावर, समोरच्या झाडावर, विजेच्या खांबावर, बसच्या थांब्यावर. चाळीस दिवसांनी नवा लावतात. सहा महिन्यांनी पुन्हा, वर्षाने पुन्हा, आणि पुढे आठवण असेपर्यंत दर वर्षी. एलेना म्हणाली, तिच्या गावात काही झाडांवर वीस वर्षांपूर्वी गेलेली माणसं अजून आहेत. पावसाने पिवळी पडतात, मग त्यांच्यावर नवीन लागतात.

मावशींनी स्वतः हिंडून कागद लावले. दारावर एक, झाडावर एक, पत्रपेट्यांच्या खांबावर एक, दिव्याच्या खांबावर एक. दुसऱ्या दिवशी दारावरचा सोडून सगळे गायब होते. त्यांनी पुन्हा लावले. ते पुन्हा गेले. चौथ्या दिवशी घरमालकांच्या असोसिएशनचं पत्र आलं. परवानगीविना जाहिराती लावू नयेत.

"जाहिरात," एलेनाने भाषांतर केलं. मावशींनी तो शब्द दोनदा म्हणायला लावला.

मी त्या संध्याकाळी त्यांच्या स्वयंपाकघरात होतो. मावशी माझ्याकडे बघून बोलत होत्या आणि एलेना भिंतीकडे बघून मला सांगत होती. "आई म्हणते, चाळीस दिवस तो इथेच असतो. घरात, गॅरेजमध्ये, रस्त्यावर. चाळिसाव्या दिवशी निघतो. त्या दिवशी त्याच्या नावाने गहू शिजवायचे आणि लोकांनी येऊन खायचे, खाताना म्हणायचं, देव त्याला क्षमा करो. जितकी तोंडं म्हणतील तितकं त्याचं ओझं हलकं. गावात कागद वाचून सगळी येतात, भांडलेली माणसंसुद्धा. इथे कागदच नाही तर तो गेला हे कुणाला कळणार? गहू कोण खाणार?" मग एलेना म्हणाली, "ती म्हणते, तो आयुष्यात कुणाच्या घरी रिकाम्या हाताने गेला नाही. आता रिकाम्या हाताने जाणार."

माझा या गोष्टींवर विश्वास नाही. आत्मा चाळीस दिवस थांबतो की तेरा, यावर दोन धर्मांत सत्तावीस दिवसांचा फरक आहे, एवढीच माझी नोंद. इथल्या आमच्या मराठी मंडळाच्या शोकसभेत दोन मिनिटं शांतता असते, ती निवेदक साधारण पन्नास सेकंदांत उरकतो. तेव्हा मी घड्याळ बघणाऱ्यांपैकी आहे. पण त्या स्वयंपाकघरात मला माझंच घर आठवत होतं.

आप्पा गेले त्याला तेव्हा दोन वर्षं झाली होती. माझ्या पासपोर्टवरच्या व्हिसाच्या शिक्क्याची मुदत संपलेली होती. भारतात गेलो असतो तर परत यायला किती महिने लागतील हे वकिलालाही सांगता येत नव्हतं; नोकरी, घर, ईराची शाळा सगळं इकडे. भाऊ म्हणाला, "नको येऊस, मी आहे." मी फोनच्या पडद्यावर अग्नी पाहिला. तेराव्या दिवशी ऑफिसच्या कॅलेंडरवर एक तास "पर्सनल" असं लिहिलं आणि तोही लवकर संपला म्हणून मीटिंगला गेलो. गल्लीत कुणाला सांगितलं नाही. सांगणार कसं? दार वाजवून? दारावर लावायला आमच्याकडे कागद नव्हता.

दुसऱ्या दिवशी मी असोसिएशनच्या ग्लेंडाबाईंना फोन केला. सगळ्या गल्लीच्या गवताची उंची त्यांना पाठ आहे. त्या सौजन्याने बोलल्या.

"फार वाईट वाटलं ऐकून. पण पत्रपेट्यांजवळच्या फळ्यावर तीनच प्रकार चालतात. हरवलेला पाळीव प्राणी, जुन्या सामानाची विक्री आणि सामुदायिक कार्यक्रम."

"मेलेला माणूस?"

"तसा रकाना नाही," त्या म्हणाल्या. मग, "कार्यक्रम असेल तर मात्र फॉर्म आहे."

लोक मला सॉफ्टवेअरवाला समजतात. गेली अठरा वर्षं माझा खरा व्यवसाय फॉर्म भरण्याचा आहे. मावशी, एलेना आणि मी डायनिंग टेबलाशी बसलो. कार्यक्रमाचं नाव? मावशी म्हणाल्या, किरील. अपेक्षित उपस्थिती? मावशी म्हणाल्या, गल्ली. मी चाळीस लिहिलं. अल्पोपाहार आहे का? आहे. गाड्या कुठे लावणार? रस्त्याच्या एका बाजूला. ध्वनिक्षेपक? नाही. मुलांसाठी हवेचा उड्या मारायचा किल्ला? एलेनाने हा प्रश्न भाषांतर न करता खोडला. शेवटी होतं, कार्यक्रम एकदाच की वार्षिक? मावशींनी विचार न करता बोट ठेवलं. वार्षिक.

फळ्यावर काळ्या चौकटीतला कागद लागला. खाली, नियमाप्रमाणे, तारीख, वेळ आणि "अल्पोपाहार मिळेल". हरवलेल्या मांजराच्या आणि ट्रेडमिलच्या मधोमध किरीलकाका तीन आठवडे होते. लोक पत्रं काढायला यायचे आणि थांबायचे. काही जण नाव ओठांतल्या ओठांत म्हणून बघायचे. मावशी खिडकीतून ते मोजायच्या.

चाळिसावा दिवस ऑक्टोबरच्या अखेरीस आला. गॅरेजमध्ये टेबल मांडलं होतं. वर शिजवलेले गहू, पिठीसाखर, अक्रोड, एक मेणबत्ती, लाल वाइनची बाटली, आणि त्या मंगळवारच्या उरलेल्या मिरच्यांच्या सात बरण्या. त्या मिरच्या मावशींनी नंतर एकटीने भाजल्या होत्या. ठरल्या वेळेला आम्ही तिघं, एलेना आणि मावशी, एवढेच होतो. दहा मिनिटं झाली. मावशी दाराकडे बघत नव्हत्या, आणि ते जास्त वाईट होतं.

नीलिमा पुढे झाली आणि तिने आणलेले गुलाब मावशींच्या हातात दिले. मावशींनी ते घेतले, बोटांनी चाचपत मोजले आणि एक गुलाब अलगद बाहेर काढला.

"काय झालं?" नीलिमाने विचारलं.

एलेना ओशाळली. "आमच्याकडे मेलेल्यांना जोडीने देतात. दोन, चार, दहा. विषम संख्या जिवंत माणसांसाठी. तू अकरा आणलेस."

"अगं, पुडा दहाचाच होता. मी मुद्दाम दुकानात परत जाऊन एक जास्तीचा घेतला. आमच्याकडे वर एक ठेवतात."

मावशींनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "मेलेल्यांनाही?"

नीलिमाने माझ्याकडे पाहिलं. मग ती एलेनाला म्हणाली, आणि जरा मोठ्याने म्हणाली, म्हणजे ईरालाही ऐकू जावं, "माहीत नाही. त्याचे वडील गेले तेव्हा इथून आम्ही काहीच दिलं नाही."

तो अकरावा गुलाब मावशींच्या हातात होता. त्यांनी माझ्याकडे बघून एक शब्द विचारला. एलेनाने भाषांतर करायची गरज नव्हती. नाव?

"विश्वनाथ," मी म्हणालो. दोन वर्षांत मी ते नाव मोठ्याने उच्चारलं नव्हतं.

त्यांनी गुलाब नीलिमाला परत दिला. वाइनचा पेला भरला आणि गॅरेजच्या उंबऱ्याशी, गवतावर, थोडी ओतली. किरील. मग उरलेला पेला घेऊन त्या बाहेर पडल्या. दोन्ही बाजूंना बघून त्यांनी सावकाश रस्ता ओलांडला, समोरच्यांच्या कचऱ्याच्या डब्यापाशी थांबल्या आणि उरलेली वाइन तिथे ओतली. त्यांना जागा लक्षात होती. माझ्या वडिलांनी आयुष्यात दारूला स्पर्श केला नव्हता. दुकानावरून जायचं झालं तर ते रस्ता बदलत. मी उभा राहून बघत होतो आणि मला चष्मा काढावा लागला.

समोरच्यांचं दार उघडलं. आपल्या डब्यापाशी एक म्हातारी काळ्या कपड्यांत पेला घेऊन का उभी आहे, हे बघायला ते नवरा-बायको बाहेर आले होते. मावशींनी त्यांना हाताने बोलावलं. ते आले. त्यांना बघून कोपऱ्यावरचे आले. नंतर कुणाकुणाच्या घरून कोण आलं मला आठवत नाही. गॅरेज भरलं आणि माणसं ड्राइव्हवेवर उभी राहिली. मावशी प्रत्येकाच्या तळहातावर चमचाभर गहू ठेवत होत्या. लोक थँक यू म्हणायचे, एलेना सांगायची, तसं म्हणायचं नसतं. आमच्याकडेही दुःखाच्या घरून निघताना येतो म्हणत नाहीत, मी तिला म्हणालो. मग मंडळी ते बल्गेरियन शब्द शिकली. देव त्याला क्षमा करो. टेक्सासच्या उच्चारात ते वाक्य गाडीच्या विम्याच्या जाहिरातीसारखं वाटत होतं, पण म्हटलं सगळ्यांनी. मावशी ओठ हलवत मोजत होत्या. चाळीसच्या पुढे गेल्यावर त्यांनी मोजणं सोडलं आणि पहिल्यांदाच खुर्चीत बसल्या. काकांच्या खुर्चीत.

त्या रात्री ईराने विचारलं, "आजोबांना वांग्याचं काय आवडायचं?" मी सांगितलं. पुढच्या शनिवारी आम्ही चुश्कोपेकमध्ये वांगं घालून पाहिलं. मावत नाही. लांब जपानी वांगं मावतं. आप्पांनी ते नापास केलं असतं.

आता हे चौथं वर्ष. दुपारी गेलो तेव्हा मावशी सालं काढत होत्या आणि भाजायला ईरा बसली होती, चिमटा हातात, फोन मांडीवर. ट्रान्सफॉर्मर गुणगुणत होता. दारावर नवा कागद आहे. त्याच्या बाजूला, त्याच मापाचा, काळ्या चौकटीतला दुसरा आहे. आप्पांचा शाळेतला फोटो, खाली नाव बल्गेरियन अक्षरांत. मला वाचता येत नाही. मावशी म्हणतात, बरोबर आहे.

असोसिएशनच्या वेबसाइटवर मी तारीख तपासली. फॉर्म वार्षिक असल्याने कार्यक्रम आपोआप पुढे येतो. कुणीतरी त्याला सोयीसाठी "किरील-विश्वनाथ फॉल फेस्टिवल" असं नाव दिलं आहे. खुर्च्या आपापल्या आणायच्या आहेत.